माझी हरकत

मागच्या खेपेला पुतण्याने कळवले होते की काका, तुम्ही फार जुन्या आठवणींत रमता, कधीतरी आजच्या प्रश्नावर लिहा. तर आज लिहितो. आणि जरा चिडून लिहितो, हे आधीच सांगून ठेवतो.

मला वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचायची सवय आहे. निवृत्त मास्तराला दुसरे काम काय! ह्या जाहिरातींत, ‘कागदपत्रे हरवली आहेत’ आणि ‘वारसा हक्काची नोंद’ ह्यांच्या शेजारी, अधूनमधून एक मजकूर दिसतो. कुठल्याशा गावाची प्रारूप विकास योजना तयार झाली आहे, नकाशा कार्यालयीन वेळेत अवलोकनार्थ ठेवला आहे, ज्यांना हरकती व सूचना द्यायच्या असतील त्यांनी त्या लेखी द्याव्यात, मुदतीनंतर आलेल्यांचा विचार केला जाणार नाही. अक्षर एवढे बारीक की माझ्या वयाच्या माणसाला चष्म्यावर भिंग धरावे लागते. आणि भाषा अशी की मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मास्तरालाही वाक्य दोनदा वाचावे लागते. ‘अवलोकनार्थ’ हा शब्द माझ्या गल्लीतला कोणता माणूस वापरतो, हे मला कोणीतरी दाखवून द्यावे.

तर माझी पहिली हरकत ह्या ‘हरकती व सूचना’ शब्दांनाच आहे. शब्दांचा क्रम पाहा. आधी हरकत, मग सूचना. म्हणजे सरकारने गृहीतच धरले आहे की काम आम्ही करून ठेवले, आता तुम्ही फक्त आडवे या. एखाद्या घरात मुलीचे लग्न ठरवून, पत्रिका छापून, हॉलचा विसार देऊन झाला आणि मग बाप मुलीला म्हणाला, “बाई, तुझी काही हरकत?” तर ह्याला विचारणे म्हणायचे का? आपल्याकडे कैक पिढ्या असेच ‘विचारले’ गेले, म्हणून कदाचित आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही.

आता हे प्रकरण काय असते ते थोडक्यात सांगतो, कारण वाचणाऱ्यांत पुण्या-नागपूरची आपली पोरे आहेत, त्यांना फ्लॅटचा हप्ता माहीत असतो पण आपल्या गावाचा नकाशा कोण रंगवतो हे माहीत नसते. महाराष्ट्रात ह्यासाठी १९६६ चा प्रादेशिक व नगर रचना अधिनियम आहे. त्यानुसार आधी नगरपरिषद किंवा महानगरपालिका जाहीर करते की आम्ही विकास योजना करणार. मग सध्या कुठे काय आहे ह्याची पाहणी होते. मग प्रारूप नकाशा तयार होतो. घरांची जागा पिवळी, बागा-मैदाने हिरवी, शाळा, दवाखाने, बाजार, रस्ते सगळ्यांच्या आपापल्या खुणा. तो प्रसिद्ध झाला की लोकांकडून हरकती मागवतात. त्या ऐकायला नियोजन समिती बसते, तिच्यात लोकप्रतिनिधी असतात आणि शासनाने नेमलेले जाणकार असतात. समितीचा अहवाल, मग काही फेरबदल, मग शासनाची मंजुरी. ही योजना साधारण वीस वर्षांसाठी असते. म्हणजे आज पहिलीत असलेल्या पोराच्या लग्नापर्यंत त्याच्या गल्लीचे काय होणार, हे त्या कागदावर ठरलेले असते.

आणि हा रंग नुसता रंग नसतो हो. तुमच्या प्लॉटवर शाळेचे आरक्षण पडले की तिथे घर बांधता येत नाही, विकायला गेलात तर भाव येत नाही. कायद्यात सोय आहे, नाही असे नाही. दहा वर्षे उलटली आणि जागा घेतलीच नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत संपादन झाले नाही तर आरक्षण उठते. पण ह्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मालक दहा-बारा वर्षे लटकला, आणि शेवटी आरक्षण उठले तेव्हा मोहल्ल्याचे मैदान गेले. दोन्ही बाजूंनी नुकसान. एवढे मोठे प्रकरण ज्या कागदावर ठरते, त्या कागदाविषयी विचारणा कशी होते? वर सांगितलेल्या बारीक अक्षरात.

माझे दुर्दैव म्हणा की सुदैव, पण निवृत्तीनंतर मी एक प्रकारचा अर्जनवीस झालो आहे. जुने विद्यार्थी येतात, “गुरुजी, एवढा अर्ज लिहून द्या ना.” असाच एक आला. सातवीपर्यंत माझ्याकडे होता, नंतर वडिलांच्या पंक्चरच्या दुकानात बसला. आता शेजारच्या एका गावी त्याचा छोटा प्लॉट आहे, आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेला. गावाचे नाव घेत नाही, कारण हे एका गावाचे दुखणे नाही. कोणीतरी त्याला सांगितले की तुझ्या प्लॉटातून रस्ता जातो आहे. मी म्हटले चल, आधी नकाशा पाहू. गेलो. नकाशा भिंतीवर, इतका उंच लावलेला की खालचा भाग तेवढा दिसावा. खालच्या भागात खुणांची यादी होती आणि सही-शिक्का. त्याचा प्लॉट वर, पंख्याच्या अलीकडे. स्टुलावर चढून त्याने बोट ठेवले आणि मला विचारले, “गुर्जी, हे आमचंच हाय का? मले तं समदं सारखंच दिसते बाप्पा.” तिथल्या कर्मचाऱ्याला विचारले, तर तो बिचारा प्रामाणिक निघाला. म्हणाला, मलाही नीट सांगता येत नाही, नकाशा बाहेरून करून आला आहे.

अर्ज दिला, सुनावणीची तारीख आली. मी सोबत गेलो. त्या दिवशी जितकी माणसे बोलावली होती ती सगळी एकाच वेळी बोलावली होती. दुकान बंद ठेवून आलेले, शेतातून आलेले, एक बाई मांडीवर लेकरू घेऊन. आमचा नंबर दुपारी लागला. घड्याळ लावून सांगतो, चार मिनिटे. त्याने सांगितले, मी दोन वाक्ये जोडली, समोरच्यांनी मान हलवली, “नोंद घेतली” म्हणाले. संपले. त्या हरकतीचे पुढे काय झाले, मान्य झाली की फेटाळली, आणि फेटाळली तर का, ह्याचा एक ओळीचाही कागद त्याच्या हाती आजवर आलेला नाही. रस्ता जाणार असेल तर जावो, गावाला रस्ते लागतात हे त्यालाही कळते. तो मला एवढेच म्हणाला, “नाही म्हणा, पण काहून नाही ते तं सांगा.” मंडळी, चाळीस वर्षे मी व्याकरण शिकवले, पण लोकशाहीची इतकी नेमकी व्याख्या मला कधी जमली नव्हती.

आता कोणी म्हणेल, लहान गावात असेच चालायचे, मोठ्या शहरांत व्यवस्थित होते. चला, सगळ्यांत मोठ्या शहरात जाऊ. मुंबईचा २०१४ ते २०३४ चा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे पैसा होता, सल्लागार होते, संगणक होते. आणि लोकांनी पाहिला तर त्यात असलेल्या गोष्टी नव्हत्या आणि नसलेल्या होत्या. जुन्या वारसा वास्तूंच्या नोंदी चुकलेल्या, उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले. हरकतींचा पाऊस पडला, हजारोंनी आल्या. शेवटी एप्रिल २०१५ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस ह्यांनी आराखडा दुरुस्त करून नव्याने करायला सांगितले. सुधारित आराखडा मे २०१६ मध्ये आला, आणि प्रत्यक्ष अंमल सुरू झाला १ सप्टेंबर २०१८ पासून. २०१४ पासून लागू व्हायची गोष्ट २०१८ उजाडल्यावर लागू झाली.

ह्यावरून काही शहाणे लोक निष्कर्ष काढतात की पाहा, लोकांना विचारले की उशीर होतो. मी उलटा निष्कर्ष काढतो. जी चूक त्या गल्लीतला दुधवालासुद्धा पाच मिनिटांत दाखवून देऊ शकला असता, ती चूक छापून येईपर्यंत कोणाला दिसली नाही, कारण छापण्याआधी दुधवाल्याला कोणी पुरेसे विचारलेच नाही. उशीर विचारल्यामुळे झाला नाही, उशिरा विचारल्यामुळे झाला. पोराचे गणित पहिल्या पायरीला चुकले असेल तर ते पहिल्या पायरीलाच पाहावे लागते. उत्तर लिहून झाल्यावर खोडाखोड केली तर वही खराब होते आणि गणितही सुटत नाही.

दुसरा मुद्दा. हा मला जास्त लागतो, कारण तो आपल्यासारख्या गावांचा आहे. १९९२ साली संसदेने ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती केली. खेड्याला ग्रामसभा मिळाली. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ह्या दिवसांच्या ग्रामसभा आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. त्यांत भांडणे होतात, कोरम नसतो, सह्या घरोघर फिरवून घेतात, सगळे मान्य. पण निदान खेड्यातला माणूस उभा राहून सरपंचाला विचारू शकतो की पैसे कुठे गेले. मोठ्या शहरांसाठी घटनेने प्रभाग समित्या सांगितल्या, पण कुठे? तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्ती असेल तिथे. आता सांगा, मूर्तिजापूरची वस्ती किती? चाळीस हजारांच्या आसपास. दर्यापूर, कारंजा, अचलपूर, अकोट, आपल्या वऱ्हाडातली असली सगळी गावे घ्या. ती खेडी नाहीत म्हणून ग्रामसभा नाही, आणि महानगरे नाहीत म्हणून प्रभाग समितीची घटनेतली सक्ती नाही. ना घर का, ना घाट का! माझा एक मित्र मूर्तिजापूर तालुक्यातल्याच एका खेड्यात राहतो. तो वर्षातून चारदा तरी उभा राहून बोलू शकतो. मी गावात राहतो, नळाचा कर, घराचा कर भरतो, आणि मला पाच वर्षांतून एकदा बटण दाबायला मिळते.

ही उणीव भरायला २००९ साली महाराष्ट्रात महानगरपालिका आणि नगरपरिषदांच्या कायद्यांत ‘क्षेत्रसभा’ आणली गेली. म्हणजे काही मतदान केंद्रांचा भाग मिळून एक सभा, तिथे नगरसेवकाने लोकांसमोर बसायचे, कामे सुचवायची, प्राधान्य ठरवायचे. कल्पना उत्तम. केंद्राच्या नागरी नूतनीकरण योजनेचा, म्हणजे जेएनएनयूआरएमचा निधी हवा तर असा कायदा करा, अशी ती अट होती, म्हणून कायदा झाला. माझा सगळ्या वाचकांना साधा प्रश्न आहे, मग तुम्ही नाशिकला असा, अमरावतीला असा नाही तर ठाण्याला. तुमच्या क्षेत्रसभेचे बोलावणे तुम्हाला किती वेळा आले? हात वर करा. वर्गात इतकी शांतता मी परीक्षेतसुद्धा पाहिली नाही.

त्यात भर म्हणजे २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांत निवडून आलेली माणसेच नव्हती. तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिला तेव्हा कुठे डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले. ह्या मधल्या काळात सभागृहाचे अधिकार प्रशासकाच्या हाती होते. प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच. प्रशासकांत चांगली माणसे असतात, माझे काही विद्यार्थीही त्या खात्यात आहेत. पण विद्यार्थ्यानेच पेपर काढायचा, त्यानेच सोडवायचा आणि त्यानेच तपासायचा, तर पहिला नंबर येणारच की!

आता विरोधी पक्षाचे म्हणणे ऐकू. चार-पाच मुद्दे नेहमी ऐकू येतात, त्यातले दोन विचार करण्यासारखे आहेत.

पहिला म्हणजे, “लोकांना कळत नाही. नगररचना हे शास्त्र आहे.” शास्त्र आहे हे मान्य. पण गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे गोंड वस्तीचे छोटे गाव आहे. आपल्याच विदर्भातले. तिथे ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. आणि निर्णयाआधी अभ्यासगट बसतो, विषय समजून घेतो, बाहेरचा जाणकार बोलावतो, प्रश्न विचारतो. ह्या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश ह्यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ह्यांनी तिथे वर्षानुवर्षे काम केले ते हेच, लोकांना कळेल अशा रीतीने विषय मांडणे. जंगलाची मोजणी, बांबूचे चक्र, हिशेब, हे काय सोपे शास्त्र आहे? मग मेंढ्याच्या गोंडांना जे कळते ते आमच्या मूर्तिजापूरच्या पानटपरीवाल्याला का कळू नये? कळत नाही असे नसते, कोणी सांगत नाही. वर्गात सगळी पोरे नापास झाली तर मुख्याध्यापक मास्तरला बोलावतात, पोरांना नाही.

आणि भाषेचे काय? २०२० साली केंद्राने पर्यावरणीय परिणामांच्या अधिसूचनेचा नवा मसुदा काढला आणि देशभरच्या लोकांची मते मागवली. मसुदा होता इंग्रजी आणि हिंदीत. खाणीशेजारी राहणाऱ्या माणसाने आधी इंग्रजी शिकावे आणि मग मत द्यावे, असे काहीतरी. दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले की आठव्या परिशिष्टातल्या बावीसही भाषांत तो द्या, आणि मुदतही वाढवा. जे सरकार मत मागताना मतदाराच्या भाषेत भाषणे करते, ते हरकत मागताना त्याची भाषा विसरते, ह्याला विसरभोळेपणा म्हणावे का?

दुसरा मुद्दा जास्त खरा आहे. “लोक फक्त स्वतःच्या प्लॉटसाठी येतात. मैदानासाठी, गटारीसाठी, झाडासाठी कोणी हरकत घेत नाही.” हे मी स्वतः पाहिले आहे. सुनावणीच्या त्या दिवशी बहुतेक जण आपापल्या सातबाऱ्याचे कागद घेऊन आले होते. काही तर शेजाऱ्याच्या प्लॉटवर रस्ता ढकला असे सांगायला आले होते. पण म्हणून काय सिद्ध होते? तुम्ही दारावर पाटी लावली ‘हरकत असणाऱ्यांनी यावे’, तर ज्याचे पोट दुखते तोच येणार. दवाखान्यात फक्त आजारीच दिसतात म्हणून गावात निरोगी माणूस नाही असे कोणी म्हणत नाही. ‘ह्या भागात पोरांना खेळायला जागा कुठे ठेवावी?’ असा प्रश्न घेऊन प्रत्येक मोहल्ल्यात एक संध्याकाळ बसा, मग पाहा कोण कोण येते ते. बाया येतील. शाळेतली पोरे येतील. म्हातारे तर येतीलच, आम्हाला बसायला जागा हवी आहे! पुण्यात महानगरपालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी पादचारी मार्ग, बाक, बसथांबे असली सगळ्यांच्या उपयोगाची कामे सुचवली होती. प्रश्न कसा विचारला ह्यावर उत्तर ठरते. हे कोणत्याही मास्तराला विचारा.

वर्गातला एक प्रसंग सगळ्यांना आठवत असेल. धडा संपला की मास्तर विचारतो, “समजलं का?” आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो, “होऽऽ!” हे विचारणे नव्हे, हा तास संपल्याचा घंटानाद आहे. खरे विचारायचे असेल तर एकेकाला फळ्यापाशी बोलवावे लागते, त्याला वेळ द्यावा लागतो, तो चुकला तर थांबावे लागते. आपल्या सरकारी सुनावण्या म्हणजे ‘समजलं का’ आणि ‘होऽऽ’. वर्तमानपत्रात छापून येते, ‘नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’.

माझी एक भाची नगररचना शिकली आहे. तिने सांगितले की शेरी अर्नस्टीन नावाच्या अमेरिकन बाईने १९६९ साली एक शिडी मांडली, लोकसहभागाची. आठ पायऱ्या. सगळ्यांत खाली लोकांना फसवून आपल्या बाजूला वळवणे, सगळ्यांत वर लोकांच्याच हाती कारभार. त्यात नुसते ‘मत विचारणे’ खालून चौथ्या पायरीवर आहे, कारण मत ऐकले जाईल पण मानले जाईलच अशी हमी तिथे नाही. त्याच १९६९ साली इंग्लंडात स्केफिंग्टन समितीने नियोजनात लोकांना कसे सामील करावे ह्याचा अहवाल दिला. आमचा कायदा त्याच दशकातला, १९६६ चा. तेव्हाच्या मानाने तो मागासलेला नव्हता. पण तेव्हापासून किती पावसाळे गेले? आपण चौथ्या पायरीवर सतरंजी अंथरून बसलो आहोत आणि त्यालाच गच्ची समजतो आहोत.

कोणी म्हणेल, मग काय प्रत्येकाचे ऐकायचे? मुळीच नाही. हा मुद्दा मला अगदी स्पष्ट करायचा आहे. विचारणे म्हणजे मानणे नव्हे. विचारणे म्हणजे उत्तर देण्याची जबाबदारी घेणे. आपल्या वऱ्हाडी माणसाला ह्याचे उदाहरण दूर शोधायला नको. १९५३ च्या डिसेंबरात राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर. त्या काळात ना मोबाईल, ना इंटरनेट. त्यांच्याकडे दीड लाखावर निवेदने आली आणि नऊ हजारांहून अधिक लोकांना ते प्रत्यक्ष भेटले. सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल दिला, त्यात वेगळ्या विदर्भाची शिफारस होती. सरकारने ती मानली नाही. विदर्भ वेगळा हवा की नको हा वाद मी इथे उघडत नाही, आपल्या घरातच दोन्ही बाजूंचे लोक आहेत आणि दिवाळीला सगळ्यांना एकत्र जेवायचे आहे. मला सांगायचे आहे ते वेगळेच. त्या आयोगाने कोणाचे म्हणणे काय होते, ते का पटले किंवा का पटले नाही, हे प्रांतवार छापून ठेवले. आजही कोणी ते काढून वाचू शकतो आणि म्हणू शकतो, हे इथे चुकले. अख्ख्या देशाचा नकाशा करताना जे तिघांना जमले, ते एका गावाचा नकाशा करताना का जमू नये?

म्हणून माझ्या मागण्या लिहून काढतो. शिक्षकाला मुद्दे घातल्याशिवाय चैन पडत नाही.

१. नकाशा रंगवण्याआधी विचारा. प्रत्येक मोहल्ल्यात एक बैठक, संध्याकाळी किंवा रविवारी, शाळेच्या वर्गात. कार्यालयीन वेळेत हातावर पोट असलेला माणूस येऊ शकत नाही.

२. नकाशा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. त्यावर शाळा, देऊळ, मशीद, विहीर, स्टेशन अशा ओळखीच्या खुणा ठळक असू द्या. सर्व्हे नंबर सांगून कोणाला आपले घर सापडत नाही.

३. जाहिरात साध्या मराठीत द्या. ‘अवलोकनार्थ’ऐवजी ‘पाहायला’ लिहिले तर शासन कोसळणार नाही. आणि घंटागाडीवर तिचे ध्वनिमुद्रण लावा. कचऱ्यासाठी लोक बाहेर येतात, नकाशासाठीही येतील.

४. प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्या. मान्य की अमान्य, आणि का. ही यादी मंजुरीआधी सगळ्यांना पाहता येईल अशी लावा.

५. क्षेत्रसभेचा कायदा आहे, तो वापरा. वापरायचा नसेल तर उघडपणे रद्द तरी करा, म्हणजे निदान खोटेपणा राहणार नाही.

ह्यातल्या एकाही गोष्टीला कोटीचा निधी लागत नाही. कारण देणे ही फुकटची गोष्ट आहे. महाग पडते ते कारण नसणे.

आता थोडे आपल्याबद्दलही. सरकारला बोल लावून मोकळे होणे सोपे आहे. आपल्या गावात हावडा-मुंबई मार्गाचे जंक्शन आहे, इथूनच एका अंगाला यवतमाळ आणि दुसऱ्या अंगाला अचलपूरला नॅरोगेजची शकुंतला जात होती. आता ती धावत नाही. गाडी असेपर्यंत आपण तिच्या चालीवर विनोद केले. ती थांबली तेव्हा खेड्यापाड्यातल्या ज्या बाया-माणसांना तिचा आधार होता त्यांना कोणी विचारले नाही, आणि आपल्यातल्या किती जणांनी त्यांच्या वतीने विचारले? जे आपल्या प्लॉटवरून जात नाही त्याबद्दल आपण गप्प बसतो, आणि मग आपल्या प्लॉटची वेळ आली की शेजारी गप्प बसलेला असतो.

गाडगेबाबांचे बालपण आपल्याच तालुक्यात, दापुऱ्याला, मामाच्या घरी गेले. बाबांच्या कीर्तनाची तऱ्हा जुनी माणसे सांगत. ते व्याख्यान देत नसत, प्रश्न विचारत. समोरच्या अडाणी माणसाला विचारत आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढून घेत, आणि मग त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. हजारोंच्या गर्दीला ते असे बोलते करत. शिकलेल्यांना जी जनसुनावणी जमत नाही ती एका निरक्षर माणसाने खराटा काखेत धरून करून दाखवली. आणि दिवसा गाव झाडायला निघत तेव्हा खराटा आधी स्वतः हाती घेत, मग लोक मागे येत.

तेव्हा आपणही हाती घ्यावे. पुढच्या वेळी वर्तमानपत्रात ती बारीक अक्षरातली जाहिरात दिसली तर पान उलटू नका. ती कापा, शेजाऱ्याला वाचून दाखवा, आणि दोघे मिळून नकाशा पाहायला जा. आपल्या प्लॉटावर काही नसले तरी जा. शेजारच्या गल्लीतल्या मैदानासाठी एक अर्ज द्या. आणि अर्जाच्या शेवटी, ‘आपला विश्वासू’ लिहिण्याआधी, एक ओळ वाढवा: ‘ही मागणी अमान्य करायची असल्यास कारण लेखी कळवावे, ही विनंती.’

अर्ज लिहून हवा असेल तर माझ्याकडे या. चहा माझ्याकडून, कागद तुम्ही आणा.

असो. तूर्त इतकेच.